विमान उतरल्यावर कोण थांबणार? : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

सुटीच्या प्रवासात विमानतळावरून हॉटेलपर्यंत नेणारी खासगी गाडी आधीच ठरवून ठेवावी का, आणि ठरवायची तर कशी, याविषयी बरीच पत्रे आली आहेत. काहींनी नियम विचारले आहेत, तर काहींनी झालेली फजिती कळवली आहे. त्यांतील निवडक प्रश्नांना येथे उत्तरे देत आहोत.

प्रश्न : आमचे विमान रात्री साडेनऊला परदेशात उतरणार आहे. गाडीच्या बुकिंगमध्ये वेळ विचारली आहे. तिथे साडेनऊ लिहावे, की इमिग्रेशन आणि सामान यांत जाणारा वेळ धरून अकरा लिहावे? विमानाला उशीर झाला तर भरलेले पैसे बुडतात का?

उत्तर : अर्जात नेमके काय विचारले आहे ते आधी नीट पाहा, कारण बहुतेकांची गफलत इथेच होते. काही कंपन्या विमानाचा क्रमांक आणि ते उतरण्याची वेळ विचारतात. काही केवळ गाडी किती वाजता हवी एवढेच विचारतात. पहिल्या प्रकारात तिकिटावर छापलेली वेळ, म्हणजे साडेनऊच, लिहावी. तुम्हाला बाहेर यायला लागणारा वेळ अशा कंपनीने आपल्या हिशेबात धरलेला असतो. आंतरराष्ट्रीय विमानासाठी विनाशुल्क थांबण्याची मुदत साधारणपणे ४५ ते ६० मिनिटे असते, देशांतर्गत विमानासाठी ती बहुधा त्याहून कमी असते, आणि चांगली कंपनी ती विमान प्रत्यक्ष उतरल्यापासून मोजते. तिथे तुम्ही स्वतःहून दीड तास वाढवलात, तर चालकही तेवढाच उशिरा निघेल आणि तुम्हाला बॅगांवर बसून त्याची वाट पाहावी लागेल. दुसऱ्या प्रकारात मात्र घड्याळ तुम्ही दिलेल्या वेळेपासून सुरू होते आणि मुदत अनेकदा पंधरा मिनिटांचीच असते, म्हणून तिथे अकरा लिहिणेच योग्य ठरेल.

टॅक्सीपेक्षा जास्त पैसे आपण मोजतो ते कोणीतरी आपल्यासाठी थांबून राहावे म्हणून. गाडी तर रांगेतली टॅक्सीही असते. तेव्हा दोन कंपन्यांची तुलना करताना भाड्याचा आकडा पाहण्याआधी थांबण्याविषयीचे कलम वाचावे. मुदत किती, ती कधीपासून मोजणार, ती संपल्यावर चालक जादा आकार घेऊन थांबणार की निघून जाणार, या तीन गोष्टी त्यात स्पष्ट नसतील तर ती कंपनी सोडून द्यावी असे माझे मत आहे.

उशिराबद्दल म्हणाल, तर विमानाचा क्रमांक दिलेला असल्यास कंपनी त्या विमानावर लक्ष ठेवते आणि चालक त्यानुसार निघतो, त्यामुळे केवळ उशीर झाला म्हणून पैसे बुडू नयेत. मात्र क्रमांक बरोबर हवा. वाटेत विमान बदलायचे असेल तर शेवटच्या टप्प्याच्या विमानाचा क्रमांक द्यावा. कित्येक जण घरून निघतानाच्या विमानाचा क्रमांक देऊन मोकळे होतात. एकाच विमानाला दोन कंपन्यांचे दोन क्रमांक असल्यास, जी कंपनी ते विमान प्रत्यक्ष चालवते तिचा क्रमांक लिहावा. ती कंपनी कोणती हे तिकिटावर बहुधा बारीक अक्षरांत लिहिलेले असते.

एका बाबतीत मात्र ही सगळी व्यवस्था निरुपयोगी ठरते. तुमचे मधले विमान चुकले आणि तुम्हाला पुढच्या विमानात बसवले, तर ज्या विमानावर चालकाचे लक्ष आहे ते अगदी वेळेवर उतरते. फक्त तुम्ही त्यात नसता. चालक मुदत संपेपर्यंत थांबतो आणि 'प्रवासी आले नाहीत' अशी नोंद करून जातो. नवे विमान सुटण्यापूर्वी कंपनीला नवा क्रमांक कळवणे हे तुमचेच काम आहे, आणि त्यासाठी चोवीस तास उचलला जाणारा दूरध्वनी क्रमांक आधीच लिहून ठेवायला हवा. हीच गोष्ट हरवलेल्या बॅगेची. बॅग आली नाही तर सामानाच्या दालनातून बाहेर पडण्यापूर्वीच विमान कंपनीच्या खिडकीवर तक्रार नोंदवून तिची प्रत घ्यावी लागते आणि त्या रांगेत अर्धा-पाऊण तास सहज जातो. रांगेत उभे राहताच चालकाला निरोप पाठवावा, तक्रार लिहून झाल्यावर नव्हे.

प्रश्न : आमचे विमान रात्री १२.४० वाजता उतरणार होते. आम्ही १४ तारखेच्या रात्रीची गाडी ठरवली. पोहोचलो तेव्हा कोणीच नव्हते. चौकशी केल्यावर, गाडी आदल्या रात्रीच येऊन गेली असे सांगण्यात आले आणि पैसेही परत मिळाले नाहीत. ही फसवणूक नाही का?

उत्तर : तुमचा त्रास समजतो, पण ही फसवणूक म्हणता येणार नाही. आपण बोलताना 'चौदा तारखेच्या रात्री साडेबाराला' असे सहज म्हणतो, कारण आपल्या मनात रात्र सूर्यास्ताला सुरू होऊन पहाटेपर्यंत चालते. पंचांगातला वारसुद्धा सूर्योदयालाच बदलतो. बुकिंगच्या यंत्रणेत मात्र तारीख मध्यरात्री बाराच्या ठोक्याला पालटते. चौदा तारीख आणि १२.४० ही वेळ असे लिहिले की त्याचा अर्थ तेरा आणि चौदा यांच्या मधली रात्र असा होतो. तुम्ही उतरलात त्या क्षणी पंधरा तारीख लागून चाळीस मिनिटे झाली होती.

माझा तर्क असा, की तुम्ही हॉटेलच्या बुकिंगवरची तारीख पाहून गाडीची तारीख लिहिली असावी. मध्यरात्रीनंतर उतरणाऱ्याला हॉटेल आदल्या तारखेपासून घ्यावे लागते, कारण हॉटेलची खोली साधारणपणे दुपारी दोन-तीनला मिळते आणि पंधरा तारखेची खोली घेतली तर पहाटे एक ते दुपारी दोन हा काळ बाकड्यावर काढावा लागेल. म्हणजे एकाच आगमनासाठी हॉटेलची तारीख चौदा आणि गाडीची पंधरा असते, आणि दोन्ही बरोबर असतात. हॉटेललाही आपण मध्यरात्रीनंतर येणार असल्याचे कळवून ठेवावे, नाहीतर आलाच नाहीत असे समजून ते खोली दुसऱ्याला देऊन टाकतात. गाडीसाठी वेळ चोवीस तासांच्या घड्याळात, म्हणजे ००.४० अशी, लिहिली की नजरेला ती चूक खटकते.

प्रश्न : आम्ही पाच जण आहोत, त्यांत चार वर्षांची मुलगी आणि आठ महिन्यांचे बाळ. चार मोठ्या बॅगा आणि बाळाची ढकलगाडी असेल. सात आसनांची गाडी घेतली तर सर्व मावेल ना?

उत्तर : माणसे मावतील, सामानाची मला शंका वाटते. सात आसनांच्या बहुतेक गाड्यांत मागची रांग उभी केली की डिकीत हातात धरायच्या पिशव्यांपुरतीच जागा उरते. तुम्ही पाचच जण असल्याने मागची रांग निदान अर्धी पाडता येईल, पण ढकलगाडी घडी करूनही एका मोठ्या बॅगेची जागा अडवते. विमान कंपन्या मोठ्या बॅगेची लांबी, रुंदी आणि उंची मिळून साधारण १५८ सेंटिमीटर धरतात. त्या मापाच्या बॅगा दोन आणि लहान दोन, एवढ्यात साधी चार आसनी गाडी भरते. बुकिंग करताना 'चार नग' असे न लिहिता चार मोठ्या बॅगा आणि एक ढकलगाडी असे लिहावे आणि मोठी व्हॅन मिळत असेल तर तीच घ्यावी. बाळ मांडीवर असते म्हणून त्याला प्रवाशांत न मोजणे हीसुद्धा चूकच आहे. आयत्या वेळी चालकाने प्रवासी जास्त आहेत म्हणून नकार दिला तर त्याला दोष देता येत नाही.

मुलांच्या आसनांविषयी तुम्ही विचारले नाही, पण मला ते सामानापेक्षा महत्त्वाचे वाटते. बुकिंगमध्ये नुसती 'चाइल्ड सीट' मागितली तर चालक उंचवट्याची साधी बैठक आणून ठेवण्याची शक्यता असते, आणि आठ महिन्यांच्या बाळाला ती पूर्णतः निरुपयोगी आहे. मोटारीतील मुलांच्या खुर्च्यांसाठीच्या संयुक्त राष्ट्रांच्या आर-१२९ या मानकानुसार किमान पंधरा महिन्यांपर्यंत मुलाला मागच्या दिशेला तोंड करून बसवावे लागते. तुमच्या मुलीला पुढे तोंड असलेली, स्वतःचे पट्टे असलेली खुर्ची हवी. दोघांचे वय, वजन आणि उंची लिहून पाठवावी आणि कंपनीकडून लेखी होकार घ्यावा. ब्रिटनसारख्या काही देशांत टॅक्सीत योग्य खुर्ची उपलब्ध नसल्यास मुलांना मागच्या आसनावर तिच्याशिवाय नेण्याची मुभा आहे. मुभा आहे म्हणून रात्रीच्या महामार्गावर बाळाला मांडीवर घेऊन बसावे, असे मी कोणाला सुचवणार नाही. अनेक विमान कंपन्या मुलाची खुर्ची वेगळे शुल्क न घेता नेतात. घरची खुर्ची नेणे ओझ्याचे असले तरी तिचे पट्टे कसे लावायचे ते निदान आपल्याला ठाऊक असते.

प्रश्न : माझे वृद्ध आई-वडील आमच्या आधी दोन दिवस पोहोचणार आहेत. त्यांना तिथली भाषा येत नाही. व्हीलचेअर मागितली आहे. चालकाला विमानाच्या दारापर्यंत बोलावता येईल का?

उत्तर : नाही. गाडीचा चालक कस्टम्सच्या बाहेरच्या आगमन कक्षापर्यंतच येऊ शकतो. विमानाच्या दारापासून तिथपर्यंत आणण्याचे काम व्हीलचेअरच्या सेवकाचे असते आणि त्याची मागणी गाडीच्या कंपनीकडे नव्हे, विमान कंपनीकडे नोंदवायची असते. युरोपीय संघाच्या नियमांत त्यासाठी किमान ४८ तास आधी कळवावे असे सांगितले आहे आणि इतरत्रही तेवढे अंतर ठेवणे चांगले. व्हीलचेअरचे प्रवासी विमानातून बहुधा सर्वांत शेवटी उतरवले जातात, तेव्हा थांबण्याची मुदत जादा पैसे देऊन वाढवता येत असेल तर ती वाढवून घ्यावी.

चालक नावाची पाटी घेऊन आत येणार आहे, की प्रवाशांनी बाहेर ठरावीक जागी चालत जायचे आहे, हे नक्की करावे. स्वस्त दरांत अनेकदा दुसरा प्रकार असतो, आणि बहुमजली वाहनतळातली ती जागा शोधणे तरुणांनाही जड जाते. पाटीवर नाव कोणाचे असेल तेही ठरवून द्यावे. बुकिंग तुम्ही केले असेल तर पाटीवर तुमचे नाव झळकेल आणि वडील स्वतःचे नाव शोधत तिच्यासमोरून पुढे निघून जातील. नुसते आडनावही पुरत नाही. एकदा मी बाहेर आलो तेव्हा कठड्यापाशी दोन माणसे 'कुलकर्णी' अशी पाटी धरून शेजारी शेजारी उभी होती. एकाची छापील होती, दुसऱ्याने पुठ्ठ्यावर पेनाने घाईघाईत लिहिले होते. दोघेही खरे असतील किंवा एकाने दुसऱ्याची पाहून उतरवून घेतली असेल; त्या क्षणी सांगणे शक्य नव्हते. मी माझे हॉटेल कोणते असे विचारले, आणि छापील पाटीवाल्याने ते न अडखळता सांगितले. आई-वडिलांना हीच युक्ती शिकवावी: आपण हॉटेलचे नाव उच्चारायचे नाही, समोरच्याकडून ते येऊ द्यायचे. भाषेची अडचण असेल तर चालकाने आपल्या फोनवरचा बुकिंग क्रमांक दाखवावा आणि त्यांनी तो हातातल्या कागदाशी ताडून पाहावा.

त्या कागदावर हॉटेलचा पत्ता तिथल्या लिपीतही असावा. विमानतळाच्या मोफत वायफायवर विसंबून राहू नये, कारण अनेक ठिकाणी जोडणीसाठी मोबाइलवर ओटीपी येतो आणि रोमिंग सुरू नसेल तर तो मिळत नाही. चालकाचे निरोप बुकिंग करणाऱ्याच्या, म्हणजे तुमच्याच, फोनवर येतील. त्या वेळी तुम्ही जागे आणि संपर्कात असाल याची व्यवस्था करावी.

प्रश्न : आम्ही व्हेनिसला आणि नंतर मालदीवला जाणार आहोत. दोन्हीकडे 'हॉटेलच्या दारापर्यंत' अशी खासगी गाडी मिळेल का?

उत्तर : व्हेनिसच्या जुन्या शहरात गाड्या पियात्साले रोमा या चौकाच्या पुढे जात नाहीत. तिथून बोट किंवा पाय. म्हणून नुसती गाडी ठरवली तर पुलांच्या पायऱ्यांवरून बॅगा ओढत नेणे तुमच्या नशिबी येईल. विमानतळावरूनच खासगी जलटॅक्सी मिळते, पण तीही हॉटेलला कालव्यावर धक्का असेल तरच दारात लागते. मालदीवमध्ये दूरच्या बेटांवर सागरी विमानाने जावे लागते आणि ती विमाने फक्त दिवसाउजेडीच उडतात. तुमचे विमान संध्याकाळी उतरत असेल तर ती रात्र मालेजवळच काढावी लागेल, हे तिकीट काढण्यापूर्वी लक्षात घ्यावे. ही व्यवस्था रिसॉर्टच करते, परस्पर दुसरीकडे शोधू नये.

प्रश्न : मी एकटी, पाठीवरची एकच बॅग घेऊन, दिवसा उतरणार आहे. हॉटेल रेल्वे स्थानकासमोर आहे. तरी खासगी गाडी घ्यावी का?

उत्तर : घेऊ नका. विमानतळावरून थेट रेल्वे असेल तर ती गर्दीच्या वेळी गाडीपेक्षा लवकरही पोहोचवते. फक्त विमानतळ कोणता ते पाहून ठेवा, कारण मोठ्या शहरांना एकाहून अधिक असतात: टोकियोचा हानेदा शहराला लागून आहे, तर नारिता मध्यभागापासून साधारण ६० किलोमीटर दूर. परतीचे विमान पहाटेचे असेल आणि तेव्हा रेल्वे सुरू झालेली नसेल, तर तेवढ्या एका फेरीपुरती गाडी ठरवावी. ठरवताना टोल, पार्किंग आणि रात्रीचा जादा आकार भाड्यात धरला आहे का ते विचारावे. हॉटेलच्या दारात चालक फार थांबत नाही, म्हणून ठरल्या वेळेच्या दहा मिनिटे आधी बिल चुकते करून खाली उतरावे.