पाचवीत गेला तरी वजाबाकी अडते, शाळेत नेमकं काय मागायचं?

प्रश्न: माझा मुलगा पाचवीत आहे, खासगी अनुदानित शाळा, सेमी इंग्रजी. ग्रेड चांगली येते, प्रोजेक्ट तर एकदम भारी (ते मीच करते, सांगायला हरकत नाही). पण परवा सहज विचारलं की ३०२ रुपयांतून १६७ गेले तर किती उरतात, तर वहीत मांडून २६५ काढले आणि त्यात काही चुकलंय असं त्याला वाटेच ना. बाईंना विचारलं तर म्हणाल्या आता पाठांतराची पद्धत राहिली नाही, समजून घेणं महत्त्वाचं, आणि शिवाय सिलॅबस पण संपवायचाय, तुम्ही घरी घ्या नाहीतर ट्यूशन लावा. व्हॉट्सअॅप ग्रुपवर अजून बऱ्याच पालकांचं हेच रडगाणं आहे. सगळे मिळून हेडमास्तरांना निवेदन द्यायचं म्हणतोय पण भीती वाटते, पोरांवर राग निघाला तर? आणि मागायचं तरी काय?
एक आई, बार्शी

उत्तर: ताई, ते २६५ कुठून आलं ते आधी बघा, कारण तुमचं निवेदन त्यातच आहे. त्याने २ आणि ७ मध्ये मोठ्यातून लहान वजा केला, ५. मग ० आणि ६ मध्ये ६, ३ आणि १ मध्ये २. म्हणजे वजाबाकी त्याला येते, पण वरची संख्या ही एक अख्खी रक्कम आहे आणि तिच्यातून काढायचंय हे डोक्यात नाहीये, त्याच्यासाठी ते तीन वेगवेगळे खाने आहेत. ही चूक पाचवीची नाहीच, दुसरी-तिसरीत एकक-दशक-शतक घाईघाईत उरकलं गेलं त्याची आहे. खेळातल्या नोटा घ्या, शंभराच्या तीन आणि सुटे दोन रुपये त्याच्यासमोर ठेवा आणि म्हणा १६७ दे. दहाची नोटच नाही म्हटल्यावर शंभराची मोडावी लागते, मग त्यातली एक दहाची मोडून सुटे करावे लागतात, आणि शेवटी १३५ उरतात. दोन-चार वेळा हाताने केलं की कागदावरचा हातचा आपोआप कळायला लागतो. भागाकारातही असंच एक गणित घालून बघा, ६१८ भागिले ६. उत्तर १३ आलं तर समजा मधला शून्य खाल्ला, १०३ यायला हवं होतं.

हे फक्त तुमच्या शाळेत होतंय असं नाही. 'असर'चा २०२४ चा सर्व्हे घ्या, देशभरातल्या ग्रामीण भागातला, घरी जाऊन मुलांना गणितं घालतात. तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणं पाचवीतल्या ३०.७ टक्के मुलांनाच जमलं. तिसरीत दोन अंकी हातच्याची वजाबाकी जमणारे ३३.७ टक्के. २०१८ मध्ये हेच आकडे २७.९ आणि २८.२ होते, म्हणजे कोरोनानंतर सावरलंय, थोडं पुढेही गेलंय, पण तरी दहातल्या सात पोरांना भागाकार येत नाही आणि ती सहावीत जाऊन अपूर्णांक शिकणार. कसं जमणार सांगा.

आता बाईंच्या बोलण्याबद्दल. समज महत्त्वाची हे शंभर टक्के खरं, पण समज आली म्हणून सराव नको हे कुठल्या शास्त्रात बसतं मला कळत नाही. सात आठे किती हे बोटांवर मोजायला लागलं तर भागाकार करताना निम्मं लक्ष तिथेच जातं आणि पोरगं पायरी विसरतं. आणि उलटं पण तितकंच खरं, तीसपर्यंत पाढे घडाघडा म्हणणारी पण ३०२ मध्ये दशक किती विचारलं की गप्प बसणारी मुलं मी भरपूर बघितलीत. त्यामुळे निवेदनात 'पूर्वीसारखं पाठांतर सुरू करा' असं अजिबात लिहू नका, ते वाचून शिक्षक लगेच म्हणणार पालक मागासलेले आहेत आणि मूळ मुद्दा बाजूला. २०१९ ची गंमत आठवते ना? दुसरीच्या बालभारतीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीसच्या जोडीला 'वीस एक' असं वाचन दिलं तेव्हा केवढा गदारोळ झाला, विधानसभेत विनोद झाले, बालभारतीच्या गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकरांना जागोजागी खुलासे द्यावे लागले. जोडाक्षरांनी अडखळणाऱ्या लहान मुलांची सोय हा साधा हेतू होता, पटो न पटो. पण त्या सगळ्या गोंधळात मुलांना वजाबाकी येते का यावर त्याच्या पावपट तरी चर्चा झाली का? पालक म्हणून आपण पण चुकीच्या गोष्टीवर चिडतो कधीकधी.

मग मागायचं काय. माझ्या मते एकदम थोडं आणि मोजता येईल असं. रोज पहिल्या तासाला पंधरा-वीस मिनिटं तोंडी हिशोब आणि पाढे, टाइमटेबलमध्ये छापून, 'वेळ मिळाला तर' नाही. दुसरं, ज्यांना हातच्याची वजाबाकी येत नाही अशा मुलांचा वेगळा गट, मग ती तिसरीची असोत की पाचवीची, आणि त्यांना ती येईपर्यंत तेच, पाचवीचं पुस्तक थोडे दिवस बाजूला. 'प्रथम' या शिक्षणात काम करणाऱ्या स्वयंसेवी संस्थेने वर्षानुवर्षं हेच करून दाखवलंय, इयत्तेप्रमाणे नाही तर येतं त्या पातळीपासून शिकवायचं. आणि तिसरं म्हणजे पेपर बघायला मिळावेत. सरकारी आणि अनुदानित शाळांत पायाभूत (वर्षाच्या सुरुवातीच्या) आणि संकलित (सत्राच्या शेवटच्या) चाचण्या होतात, त्यात गणित असतंच, मग नुसती ग्रेड नको, उत्तरपत्रिका पालकांना दाखवा, चूक कुठे होते ते त्यातच दिसतं. लहान वर्गांत वाचन-गणिताचा पाया पक्का करण्याच्या सरकारच्या निपुण भारत योजनेची उद्दिष्टं पण सोबत जोडा, दुसरीच्या शेवटी ९९९ पर्यंतच्या संख्या आणि ९९ पर्यंतची वजाबाकी हे त्यात स्पष्ट लिहिलंय. म्हणजे तुम्ही काही जगावेगळं मागत नाहीये, सरकारनेच ठरवलेलं मागताय.

कुठे मागायचं हे जास्त महत्त्वाचं. हेडमास्तरांच्या टेबलावर निवेदन ठेवलंत की ते फाइलला लागतं. तुमची शाळा अनुदानित आहे म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समिती हवी, तिच्यात किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला. बऱ्याच ठिकाणी ही समिती फक्त सह्यांपुरती असते, सभा कधी झाली ते सदस्यांनाच माहीत नसतं. सदस्य कोण आहेत विचारा, त्यांच्यातल्या एकदोघींना आधी भेटा, मुलांच्या वह्यांचे फोटो दाखवा, आणि विषय सभेच्या अजेंड्यावर घ्यायला लावा. अनुदानित शाळेत या समितीचं काम सल्ला देण्यापुरतं आहे, कलम २२ चा शाळा विकास आराखडा करणं तिच्यावर बंधनकारक नाही, तरी गणिताच्या तासाची शिफारस ठराव म्हणून मांडा आणि तो इतिवृत्तात आला का ते बघूनच उठा. सहा महिन्यांनी विचारायला तोच कागद लागतो. तरी काही हललं नाही तर केंद्रप्रमुख, मग गटशिक्षणाधिकारी, या क्रमाने. एकदम वर गेलात तर खालचे सगळे दुखावतात आणि पत्र फिरून परत हेडमास्तरांकडेच येतं.

राग निघण्याची भीती खरी आहे, खोटं कशाला सांगू. म्हणून एकटीने जाऊ नका, आणि कुठल्या बाईंचं नाव कागदावर नको. त्यांची बाजू पण ऐका, एका शिक्षिकेकडे दोन वर्ग, वर ऑनलाइन माहिती भरा, निवडणुकीची ड्यूटी करा, यातून गणिताचाच तास कापला जातो. तुम्ही 'बाईंना हा तास मोकळा मिळावा' असं मागितलंत तर त्या तुमच्या बाजूने बोलतील, बघा. आणि ट्यूशनचा सल्ला मात्र नम्रपणे परत करा. ज्यांना परवडते ते लावतील, पण वर्गातल्या ज्या मुलाच्या घरी कोणी शिकवणारंच नाही त्याने वजाबाकी कुठे शिकायची?

प्रश्न: आमच्या वेळी पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी सगळं उजळणीतून पाठ होतं. नातवाला शाळेत यातलं एकही नाही. हे परत आणण्यासाठी पालकांनी आग्रह धरावा का?
एक आजोबा, सातारा

उत्तर: आजोबा, शाळेत आग्रह नको, घरी जरूर. पाव, अर्धा, पाऊण अशा अपूर्णांकांचे हे पाढे आणे-पैशाच्या आणि शेर-मापाच्या बाजारासाठी होते, तेव्हा दुकानदाराला रोज लागायचं. आज शाळेचा तास त्यात घालवण्यापेक्षा वीसपर्यंतचे पाढे पक्के झालेले बरे. पण पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड हे नातवाला भाजी घेताना जरूर विचारा, ऐंशी रुपये किलो तर पाऊण किलोचे किती. अपूर्णांकाचा धडा येईल तेव्हा तो निम्मा त्याला येत असेल.

प्रश्न: आम्ही कॅलगरीत असतो. मुलगी चौथीत, गुणाकार चार वेगवेगळ्या पद्धतीने करते पण पाढे येत नाहीत. इथे पालक बोलले तर काही होतं का?
एक वाचक, कॅनडा

उत्तर: तुमच्याच प्रांतात, अल्बर्टात, झालंय की. न्हुंग ट्रान-डेव्हिस नावाच्या एका डॉक्टर आईने मूलभूत गणितासाठी याचिका सुरू केली, २०१४ पर्यंत तिला हजारो सह्या मिळाल्या, शिक्षणमंत्र्यांना उत्तरं द्यावी लागली. पुढे सहावीच्या प्रांतीय परीक्षेत कॅल्क्युलेटरशिवाय सोडवायचा भाग आला आणि २०२२ पासून खालच्या वर्गांना नवा अभ्यासक्रम लागला. वेळ मात्र खूप गेला, तोवर त्या आंदोलनातली कितीतरी पोरं हायस्कूलला पोचली असणार. म्हणून स्कूल कौन्सिलमध्ये मुद्दा जरूर मांडा, आणि तोपर्यंत शाळेत सोडताना गाडीत 'बे एके बे' चालू द्या, मराठीतूनच, तिकडे कोण अडवतंय.