वाचक विचारतात: क्रँक हाताने फिरतोय ना?

प्रश्न: जुन्या पेट्रोल गाडीचं चार सिलिंडरचं इंजिन मी स्वतः खोललं, ऑइल खात होतं आणि निळा धूर मारत होतं. ब्लॉक बोअर करून आणला, क्रँक ग्राइंड करून आणला, नवे पिस्टन, रिंगा, बेअरिंग, गॅस्केट सेट सगळं हजर आहे, मॅन्युअलही आहे. पण आधी कधीच इंजिन जोडलेलं नाही, आणि खोलताना काही बोल्ट एकाच डब्यात पडलेत. सुरुवात कशी करू? आणि बरोबर चाललंय की चुकतंय हे जोडता जोडता कळतं का, का शेवटी स्टार्टर मारल्यावरच कळणार?

उत्तर: जोडता जोडताच कळतं, आणि तसंच कळायला पाहिजे. मी इंजिन जोडताना एकच गोष्ट धरून चालतो, काहीही नवीन बसवलं, एक कॅप (क्रँकला जागेवर धरणारी अर्धगोल पट्टी) आवळली, एक पिस्टन आत घातला, की क्रँक, म्हणजे पिस्टनांच्या वर-खाली होण्याने फिरणारा मुख्य दांडा, हाताने पूर्ण एक फेरा फिरवून बघायचा. फिरला तर पुढे, अडला किंवा जड झाला तर तिथेच थांबायचं, कारण बिघाड आत्ता केलेल्या कामातच आहे हे नक्की असतं. सगळं जोडून झाल्यावर तेच शोधायला गेलात तर आख्खं इंजिन परत खोलावं लागतं.

पण त्याआधी धुणं. बोअर आणि होनिंग (दगडाने आतून घासणं) झालेल्या ब्लॉकमध्ये घासलेल्या दगडाची बारीक पूड राहते आणि नुसत्या डिझेलने किंवा पेट्रोलने ती निघत नाही, गरम पाणी, साबण आणि ब्रश लागतो. ऑइलच्या गॅलऱ्या (ब्लॉकमधून ऑइल जायच्या वाटा) लांब बारीक ब्रशने आरपार, त्यांच्या टोकांचे प्लग काढून. मग बोअर कोरडा करून पांढऱ्या फडक्यावर थोडं ऑइल घेऊन आतून पुसा, पहिल्यांदा फडकं करडं निघेल, दुसऱ्यांदाही निघेल, ते पांढरंच्या पांढरं बाहेर येईपर्यंत धुवत राहा. आणि वाळला की लगेच ऑइलचा हात फिरवा, उघडं बीड बघता बघता गंजतं.

आता क्रँक. ग्राइंड केल्यावर क्रँक बारीक होतो, म्हणून त्याला अंडरसाइझ शेल (बेअरिंगच्या जास्त जाड अर्धगोल चकत्या) लागतात, ०.२५ मिमी का ०.५० ते शेलच्या पाठीवर छापलेलं असतं, मशीन शॉपने दिलेल्या मापाशी ते आधी जुळवा. शेलची पाठ आणि ती जिथे बसते ती जागा दोन्ही कोरडी ठक्क हवी, ऑइल फक्त आतल्या चकचकीत बाजूला. ज्या शेलला भोक आहे तो ब्लॉककडच्या बाजूला, आणि ते भोक ब्लॉकच्या ऑइलच्या भोकावर आलंय ना हे डोळ्यांनी बघा. एकदा प्लास्टिगेजने क्लिअरन्स (क्रँक आणि शेलमधली फट) मोजून घ्या: ऑइल न लावता त्या मेणासारख्या दोऱ्याचा तुकडा जर्नलवर (क्रँकच्या बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या गुळगुळीत भागावर) ठेवायचा, कॅप पूर्ण टॉर्कला (मॅन्युअलने दिलेल्या आवळायच्या जोराला) आवळायची, क्रँक अजिबात फिरवायचा नाही (न फिरवायची हीच एक जागा!), कॅप काढून चपटा झालेला दोरा पाकिटावरच्या पट्टीशी लावून बघायचा. छोट्या गाड्यांना साधारण ०.०२ ते ०.०५ मिमी असतं, पण तुमच्या मॅन्युअलचा आकडा तोच खरा. मग दोरा पुसून काढा, शेलला ऑइल लावा आणि कॅपा एकेक करून आवळा, प्रत्येकीनंतर क्रँक फिरवा.

इथे माझा अनुभव सांगतो. माझ्या पहिल्या इंजिनाला मी पाचही मेन कॅपा एका दमात आवळल्या आणि क्रँक दोन्ही हातांनी हलेना. सगळे बोल्ट सैल करून एकेक परत आवळत गेलो, दोन कॅपांपर्यंत क्रँक बोटाने फिरत होता, तिसरी आवळली की गच्च. ती मी उलटी बसवली होती, बाण फ्लायव्हीलकडे. या कॅपा ब्लॉकवर बसवूनच मशीन केलेल्या असतात, त्यामुळे जिची जागा तिथेच आणि जिची दिशा तीच, नंबर आणि बाण त्यासाठीच असतात. स्टार्टर मारला असता तर नवे शेल तिथेच गेले असते.

रिंगा घाईत घालू नका. आधी प्रत्येक रिंग तिच्याच सिलिंडरमध्ये घालून पिस्टनने सरळ खाली ढकला आणि तोंडातली फट फिलर गेजने (मापाच्या पातळ पत्र्यांनी) मोजा. अंदाजाला म्हणून २५ मिमी बोअरला ०.१ मिमी धरतात, म्हणजे ७५ च्या बोअरला ०.३ च्या आसपास. फट कमी पडली तर गरम झाल्यावर रिंगेची टोकं एकमेकांना भिडतात आणि सिलिंडर ओरबाडला जातो. रिंगेवर ठिपका किंवा अक्षर असेल ती बाजू वर, दुसरी रिंग उलटी बसली तर ती ऑइल खाली खरवडायच्या ऐवजी वर ढकलते आणि ज्या धुरासाठी इंजिन खोललंत तोच धूर परत. तोंडं एका रेषेत आणू नका.

पिस्टन घालताना बाण पुढे, रॉडच्या (पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या दांड्याच्या) बोल्टांवर रबरी नळीचे तुकडे चढवा म्हणजे क्रँकला चरा पडणार नाही, रिंगा दाबून धरणारा रिंग कॉम्प्रेसर ब्लॉकवर सपाट टेकवा आणि हातोडीच्या लाकडी दांड्याने हलके ठोके द्या. पिस्टन थोडा थोडा सरकत जातो आणि आवाज एकसारखा, बसका येतो. मध्येच आवाज बदलला आणि पिस्टन जागचा हलेना तर एखादी रिंग बाहेर निसटून काठावर अडकलीय, जोर केलात की ती तुटणार, बाहेर काढा आणि परत सुरू करा. प्रत्येक पिस्टननंतर क्रँक आधीपेक्षा थोडा जड लागेल, तो रिंगांचा भार आहे, घाबरू नका. फेऱ्यात सगळीकडे सारखाच जड असेल तर ठीक, एकाच जागी अडत असेल तर त्या रॉडची कॅप बघा, उलटी किंवा दुसऱ्याच रॉडची असेल.

डब्यातल्या बोल्टांचं असं करा, भाग जागेवर ठेवून बोल्ट न फिरवता नुसते भोकांत सोडा, साधारण सारखेच वर राहायला पाहिजेत. एखादा जास्त वर राहिला तर तो लांब आहे, तसाच आवळलात तर तळाला टेकेल आणि भाग सैलच राहील, नाहीतर आटे जातील.

हेड (ब्लॉकवर बसणारा व्हॉल्व्हांचा भाग) बसवायच्या आधी ब्लॉकमधली बोल्टांची भोकं फडक्याने कोरडी करा. तळाशी ऑइल किंवा पाणी साचलं असेल तर बोल्ट आवळताना त्याला बाहेर पडायला जागा नसते आणि ब्लॉकला चीर पडू शकते. बोल्ट मधून बाहेरच्या दिशेने, मॅन्युअलच्या क्रमाने, दोन-तीन टप्प्यांत. टॉर्कनंतर शेवटी आणखी ठरावीक अंश फिरवायचे बोल्ट असतील तर ते नवेच घ्या, ते एकदा ताणले गेलेत.

टायमिंगच्या खुणा (क्रँक आणि व्हॉल्व्ह उघडणारा कॅम यांची जुळणी दाखवणाऱ्या) जुळवल्या, बेल्ट किंवा चेन चढवली, की स्पार्क प्लग न लावता पान्याने क्रँक पूर्ण दोन फेरे फिरवा. क्रँकचे दोन म्हणजे कॅमचा एक, त्यामुळे दोन फेऱ्यांनंतर सगळ्या खुणा परत जागेवर आल्या पाहिजेत. मध्ये टणकन अडला तर पान्याला जोर देऊ नका, व्हॉल्व्ह पिस्टनला लागतोय, खुणा परत बघा.

प्रश्न: बाबा म्हणतात टॉर्क पाना नको, हाताला अंदाज असतो. त्यांनी आयुष्यभर गाड्या केल्यात. मी काय करू?

उत्तर: बाबांच्या हाताला मान आहेच, सम्पच्या (इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीच्या) बोल्टांना तो चालेल. पण हेडचे आणि रॉडचे बोल्ट स्प्रिंगसारखे ताणून काम करतात आणि सगळे सारखे ताणले गेले तरच गॅस्केट सगळीकडे सारखं दाबलं जातं, दहापैकी दोन सैल राहिले तर गॅस्केट तिथूनच जातं. आट्यांना ऑइल लावलं की त्याच टॉर्कला बोल्ट जास्त ताणला जातो, म्हणून मॅन्युअल कोरडे म्हणतंय का ऑइल लावून तेही बघा. पाना उसना आणा आणि बाबांनाच आवळायला द्या.

प्रश्न: इंजिन जोडून झालंय. आता थेट चालू करू?

उत्तर: थेट नको. ऑइल आणि कूलंट भरा, स्पार्क प्लग काढून ठेवा, इग्निशन आणि इंधन बंद करा आणि दहा-दहा सेकंद स्टार्टर मारत ऑइलचा दिवा विझेपर्यंत थांबा, म्हणजे कोरड्या बेअरिंगवर भार येणार नाही. मग प्लग लावून चालू करा. जोडताना लावलेलं ऑइल जळून सुरुवातीला थोडा धूर येतो, तो कमी होत गेला पाहिजे. तासन्तास आयडलवर ठेवू नका, रिंगा भाराखालीच बसतात, गळती तपासली की गाडी रस्त्यावर काढा, वेग कमी-जास्त करत चालवा, आणि पहिलं ऑइल ५०० किमीच्या आसपास फिल्टरसकट बदला. काढलेलं ऑइल उन्हात धरून बघा, बारीक करडी चमक असली तर ठीक, तांब्याच्या रंगाचे कण दिसले तर सम्प खोलून बेअरिंग बघा.