पुण्यात महापालिकेचे निर्णय आणि नागरिकांच्या बैठका आधी कशा कळतील?

तुम्ही विचारलंय, "नुकतीच धायरीत राहायला आले. महापालिका आमच्या भागात काय करणार, नागरिकांच्या बैठका कधी असतात, हे सगळं होऊन गेल्यावर पेपरात वाचायला मिळतं. आधी कळायला काय करावं?"

माझं महापालिकेच्या एका क्षेत्रीय कार्यालयासमोर, म्हणजे तिच्या भागातल्या कचेरीसमोर, झेरॉक्सचं दुकान आहे. २२ वर्षं झाली. कुठलं कार्यालय ते सांगत नाही, कारण रोज त्यांचेच कागद काढायचे असतात. मी कुठल्या पक्षात नाही आणि कार्यकर्तीही नाही. पण हरकती द्यायचा शेवटचा दिवस कधी आहे हे मला कुणाला विचारावं लागत नाही, दुकानासमोरच्या रांगेवरूनच कळतं. त्या रांगेतले निम्मे लोक तेच म्हणतात जे तुम्ही म्हणताय: "मावशी, आम्हाला आजच कळलं हो."

तर पहिली गोष्ट, बातम्या शोधत बसू नका. बातमी होते निर्णयाची. तुम्हाला हवी आहे निर्णयाच्या आधीची नोटीस, आणि ती बातम्यांच्या पानावर नसते. ती छोट्या जाहिरातींच्या पानावर असते, हरवलेल्या शेअर सर्टिफिकेटच्या आणि वकिलांच्या 'आमच्या अशिलाने सदर मिळकत' या नोटिशींच्या शेजारी, मुंगीएवढ्या अक्षरात, 'जाहीर प्रकटन' म्हणून. विकास आराखड्यातलं (कुठल्या जागेवर काय व्हायचं ते ठरवणाऱ्या शहराच्या नकाशातलं) एखाद्या जागेचं आरक्षण बदलायचं असेल तर नगररचना कायद्याच्या कलम ३७ खाली अशी नोटीस काढून लोकांना एक महिना द्यावाच लागतो. तो महिना कायद्याने तुमचा असतो. फक्त तुम्हाला तो सुरू झाल्याचं माहीत नसतं.

आणि नोटीस दिसली तरी कळत नाही, कारण त्यात तुमच्या सोसायटीचं नावच नसतं. असतो सर्व्हे नंबर. 'स.नं. अमुक, हिस्सा नं. तमुक, क्रीडांगणाचे आरक्षण वगळून...' एवढंच. रोज मुलांना घेऊन ज्या मोकळ्या जागेवरून जाता त्याच जागेबद्दल हे लिहिलंय, हे कसं कळणार? म्हणून आज एक काम करा. घराच्या खरेदीखताबरोबर मिळालेली इंडेक्स टू (दस्तनोंदणीचा गोषवारा) काढा आणि त्यावरचा सर्व्हे नंबर एका चिठ्ठीवर लिहून फ्रीजवर चिकटवा. आजूबाजूच्या दोन-चार मोकळ्या जागांचे नंबरही विचारून ठेवा, जुन्या गावकऱ्यांना ते पाठ असतात. धायरीचा उरलेला भाग २०१७ साली ११ गावांतला एक म्हणून महापालिकेत आला, त्यामुळे तिथे 'ही जमीन कुणाची, नंबर किती' हे सांगणारी माणसं अजून पारावर भेटतील. तुमचा प्रभाग क्रमांकही नव्याने बघून घ्या. २०२५ मध्ये प्रभागरचना बदलली, आता ४१ प्रभाग आणि १६५ नगरसेवक आहेत. जुना नंबर लिहून अर्ज दिलात तर तो भलत्याच टेबलावर फिरत राहतो.

दुसरी नोटीस पेपरात द्यावी लागतेच, पण ती झाडालाही चिकटवलेली असते. शहरात झाड तोडायची परवानगी कुणी मागितली तर १९७५ च्या झाडांच्या कायद्याप्रमाणे तशी नोटीस त्या झाडावर लावावी लागते आणि हरकतीसाठी सात दिवस मिळतात. मागे एका पावसाळ्यात एक आजोबा मोबाइलवर फोटो घेऊन आले, म्हणाले, याची मोठी प्रिंट काढून दे. फोटोत रेनट्रीचं खोड, त्यावर अर्धवट भिजलेला कागद आणि त्या कागदावर निम्म्यात चिकटवलेली 'दहावी गणित घरी शिकवू' ही चिठ्ठी. तारीख गणिताखाली गेलेली. मी फोटो मोठा करून, उजेड वाढवून बघितला तेव्हा कडेला आकडा दिसला. सहावा दिवस होता. आजोबांनी तिथेच स्टुलावर बसून हाताने हरकत लिहिली. 'झाड तोडू नये' असं नुसतं लिहायला गेले तेव्हा मीच म्हटलं, आजोबा, कारण लिहा. झाड रस्त्यापासून किती लांब आहे, वाळलेलं आहे का, फांद्या छाटून भागतं का. तसं लिहिलं. तीन झाडांचा अर्ज होता. एक वाचलं, त्याच्या नुसत्या फांद्या गेल्या, दोन तोडली. आजोबा अजून येतात आणि त्या दोघांबद्दलच बोलतात.

आता बैठकांचं. 'नागरिकांची बैठक' या नावाखाली तीन-चार वेगवेगळ्या गोष्टी असतात आणि लोक त्यांची गल्लत करतात.

मोहल्ला कमिटीची बैठक क्षेत्रीय कार्यालयात होते. तिथे सहायक आयुक्त, ड्रेनेज, पाणी, पथ, विद्युत, आरोग्य अशा खात्यांची माणसं आणि समोर नागरिक असतात. अजेंडा बहुतेक वेळा खड्डा, कचरा आणि कुत्री. कुणी हसो, पण तुमचं काम व्हायची शक्यता सगळ्यात जास्त इथेच, कारण ज्याने चेंबरचं झाकण बदलायचं तो ज्युनिअर इंजिनिअर समोर बसलेला असतो आणि साहेब त्याच्याकडे बघत असतात. नगरसेवक नव्हते त्या काळात, म्हणजे मार्च २०२२ मध्ये मुदत संपल्यापासून जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत, सामान्य माणसाला समोरासमोर विचारायला जवळजवळ हीच एक जागा होती. बैठक कुठल्या दिवशी हे कार्यालयागणिक वेगळं असतं. फोनवर विचारलंत तर 'साहेब मीटिंगला गेलेत' हे उत्तर येईल. स्वतः जाऊन आवक-जावकच्या टेबलावर विचारा, तिथल्या बाईंना सगळं माहीत असतं.

प्रभाग समिती वेगळी. ती घटनेच्या ७४ व्या दुरुस्तीतून आली, तीन लाखांवर लोकसंख्या असलेल्या शहरांसाठी. त्या कार्यालयाच्या हद्दीतले नगरसेवक तिचे सदस्य, शिवाय स्वयंसेवी संस्थांचे तीनपर्यंत प्रतिनिधी घेता येतात. तुम्ही जाऊन बोलायची ही जागा नव्हे, पण तिची विषयपत्रिका मागून वाचावी. तुमच्या गल्लीचं नाव कुठल्या कामात आलंय हे तिथे सापडतं.

आणि क्षेत्रसभा. ही म्हणजे शहरातली ग्रामसभाच. २००९ मध्ये कायद्यात घातली. नगरसेवकाने आपल्या भागातल्या मतदारांना बोलवायचं, कामं त्यांच्याकडून ठरवून घ्यायची, अशी ती कल्पना. २२ वर्षांत या सभेची नोटीस माझ्याकडे किती वेळा झेरॉक्सला आली? शून्य. आता नवे नगरसेवक आलेत. चार सोसायट्यांच्या लेटरहेडवर 'आमची क्षेत्रसभा कधी?' एवढा एकच प्रश्न लिहून त्यांच्या संपर्क कार्यालयात द्या. भांडायला जाऊ नका. नव्या माणसाला असल्या पत्राची थोडी भीती वाटते, तेवढी पुरते.

पैशाचं मात्र कॅलेंडरच पाठ करा. पुण्यात २००६ पासून नागरिकांच्या सहभागाचं अंदाजपत्रक आहे. तुम्ही अर्ज भरून काम सुचवायचं: पदपथ, बाकडी, दिवे, बसथांबा, स्वच्छतागृहाची दुरुस्ती. एका कामाला पाच लाखांपर्यंतची मर्यादा आहे. हे अर्ज पावसाळ्याच्या शेवटी शेवटी, गणपतीच्या आगेमागे घेतले जातात आणि सगळी गंमत तिथेच होते, कारण त्या वेळी सगळे मखराच्या मागे असतात. पुढे थंडीत आयुक्त अंदाजपत्रक स्थायी समितीपुढे ठेवतात, कराचे दर २० फेब्रुवारीपर्यंत ठरवायचे असतात आणि ३१ मार्चच्या आत मुख्य सभा, म्हणजे सगळ्या नगरसेवकांची सभा, सगळ्यावर शिक्का मारते. फेब्रुवारीत बजेटची बातमी वाचून 'आमच्या भागात बागच नाही' असं पत्र टाइप करून घ्यायला लोक माझ्याकडे येतात. मी करून देते, धंदा आहे. पण ते वरातीमागून घोडं.

मुख्य सभा एकदा तरी बघाच. दर महिन्याला एक साधारण सभा, २० तारखेच्या आत, असा नियम आहे आणि सभा लोकांना खुली असते. नगरसचिव कार्यालयात चौकशी करून प्रेक्षक गॅलरीचा पास घ्या. विषयपत्रिकाही तिथूनच निघते, ती आधी वाचून जा, नाहीतर वर बसून काही कळत नाही. 'विषय क्रमांक सतरा, मान्य आहे का? मान्य' आणि संपलं, पाच सेकंदांत! दोन शब्द ध्यानात ठेवा. 'आयत्या वेळचे विषय', म्हणजे पत्रिकेत नसलेले आणि ऐन वेळी घेतलेले. तुमच्या कामाचं काही तिथे आलं तर कान टवकारा. आणि 'तहकूब'. श्रद्धांजली वाहून सभा पुढे ढकलायची जुनी रीत आहे. तुम्ही रजा टाकून जाता आणि पंधरा मिनिटांत सभागृह रिकामं होतं, म्हणून निघण्याआधी फोन करावा. स्थायी समितीचं वेगळं. सोळाच सदस्य, बैठक आठवड्याला, टेंडरं तिथे मंजूर होतात आणि तिथे गॅलरी नाही. तिचे ठराव मागाहून वाचायचे.

ते मागाहून वाचायचं कसं? सोमवारी. राज्य सरकारने २०१८ मध्ये आदेश काढला, की स्थानिक स्वराज्य संस्थांच्या कार्यालयांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना अभिलेख बघू द्यायचे. ही सोय अजून चालू आहे का ते आधी विचारा, आणि असेल तर माहिती अधिकाराचा अर्ज करून महिनाभर थांबायच्या आधी हे करून बघा. फाइल मागा, बसून वाचा, हवी ती पानं सांगा. तिथे प्रतीला पानामागे दोन रुपये, माझ्याकडेही दोनच. लोकशाही दिनही, म्हणजे तक्रार थेट अधिकाऱ्यांपुढे मांडायचा दिवस, सोमवारीच असतो, महिन्याच्या पहिल्या. त्याला मात्र विहित नमुन्यातला अर्ज १५ दिवस आधी द्यावा लागतो आणि तक्रार तुमची स्वतःची हवी. 'समस्त नागरिकांच्या वतीने' लिहिलंत की अर्ज परत.

सुनावणीबद्दल एक जुनी आठवण सांगते. २०१३ मध्ये जुन्या हद्दीच्या विकास आराखड्याचा मसुदा आला तेव्हा पुण्यातून सुमारे ८७ हजार हरकती-सूचना गेल्या. त्या दिवसांत माझं मशिन दोनदा तापून बंद पडलं. एकच छापील मजकूर, खाली नाव आणि सही तेवढी वेगळी, असे गठ्ठेच्या गठ्ठे. मी स्वतःही एक भरला, घाईत पेटीत टाकून आले, पोच घेतली नाही. सुनावणीचं पत्र शेजारणीला आलं, मला नाही, आणि माझ्याकडे तर दिला म्हणून दाखवायलाही काही नव्हतं. दिवसभर दुसऱ्यांच्या अर्जांच्या दोन-दोन प्रती काढून देणारी बाई मी! सुनावणी घेते ती नियोजन समिती, स्थायीचे तीन सदस्य आणि सरकारने नेमलेले चारपर्यंत तज्ज्ञ. शेजारीण गेली होती. तिला बोलायला काही मिनिटंच मिळाली, पण तिने नकाशावर बोट ठेवून 'इथे आमची विहीर आहे' असं सांगितलं आणि समितीतले एक जण खुर्चीतून उठून नकाशापाशी आले, हे ती अजून सांगते. तो आराखडा मंजूर झाला जानेवारी २०१७ मध्ये. म्हणजे एका हरकतीचा कागद चार वर्षं जपून ठेवायची तयारी हवी.

त्यावरून हरकत कशी लिहायची ते सांगते. वर सर्व्हे नंबर, प्रकटनाची तारीख, मग एकच मुद्दा आणि शेवटी 'मला सुनावणीस समक्ष हजर राहावयाचे आहे' हे वाक्य लिहाच. छापील गठ्ठ्यातल्या शंभर कागदांपेक्षा हाताने काढलेला एक नकाशा जास्त बघितला जातो, असं माझं मत. गठ्ठेवाल्यांना पटणार नाही, आणि माझ्या धंद्यालाही ते परवडणारं नाही.

सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर भिस्त ठेवू नका. तिथे 'उद्या पाणी नाही' हे बरोबर येतं, कारण त्यावर सगळ्यांचं एकमत असतं. बाकी पाच वर्षांपूर्वीचं कात्रणही 'ब्रेकिंग' म्हणून फिरतं, तेव्हा तारीख बघितल्याशिवाय पुढे पाठवू नका.

धायरीला सिंहगड रस्ता क्षेत्रीय कार्यालय लागतं. एखाद्या सोमवारी अडीचला पोचा. आधी बाहेरच्या फलकाचे फोटो काढा, काचेमागचे खालचे कागदसुद्धा. मग आवक-जावकला मोहल्ला कमिटीचा दिवस विचारून घ्या, सोमवारची सोय चालू असेल तर तीन वाजले की मोहल्ला कमिटीच्या मागच्या तीन बैठकांची इतिवृत्तं बघायला मागा. अर्ज द्याल तो दोन प्रतींत द्या आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेचा गोल शिक्का उमटेपर्यंत टेबलापासून हलू नका. शिक्क्याचं पॅड वाळलेलं असेल तर थांबा, शाई आणतात.