रेखाटनातून पोशाख कसा बेतला जाई?

प्रश्न : ख्रिस्तियां दिओर यांच्या पॅरिसमधील फॅशनगृहातले १९५० च्या सुमाराचे एक रेखाटन पाहण्यात आले. बारीक कंबर, भरपूर घेर, चेहऱ्याच्या जागी नुसता लंबगोल, खाली एक क्रमांक आणि कडेला टाचणीने लावलेला कापडाचा तुकडा. मापे मात्र कुठेच नाहीत. एवढ्यावरून कारागीर कपडा कसा बेतत असतील? आणि हे चित्र दिओर यांनीच काढलेले असेल का?

उत्तर : अशा कागदावर मापे नसतातच. दिओर हंगामाच्या आरंभी शहराबाहेरच्या घरी जाऊन शेकडो झटपट रेखाटने करीत आणि त्यांत खांद्यांचा उतार, कंबरेची जागा व घेर कोठून सुटतो, एवढेच दाखवीत. त्यांतली निवडक रेखाटने फॅशनगृहाची तांत्रिक बाजू सांभाळणाऱ्या मार्गरीत कारे यांच्याकडे जात आणि त्या ती कार्यशाळांच्या प्रमुखांना वाटून देत. तेथे मांजरपाटासारख्या साध्या सुती कापडाचा कच्चा नमुना, म्हणजे त्यांच्या बोलीतला ‘त्वाल’, तयार होई. कागदावरची वळणदार रेघ प्रत्यक्षात डार्टने (कापड अंगाला बसावे म्हणून शिवलेल्या निमुळत्या चुणीने) साधायची, शिवणीने, की कापड तिरके बेतून, हे त्वाल करतानाच ठरे; पोशाखाचे निम्मे श्रेय मी तरी या टप्प्याला देईन. १२ फेब्रुवारी १९४७ रोजी सादर झालेल्या पहिल्या संग्रहातील ‘बार’ जाकिटाचेच पाहा. कंबरेखालचा त्याचा फुगवटा पेन्सिलीच्या एका फटकाऱ्यात उमटतो, परंतु रेशमी कापडात तो टिकावा म्हणून आतून भर घालावी लागली होती.

आता चित्र कोणाचे, याविषयी. दिओर चित्रकलेत कच्चे नव्हते. फॅशनगृह काढण्यापूर्वी रेखाटने विकून त्यांनी काही काळ उदरनिर्वाहही केला होता. तरीही आपण वर्णन केलेला कागद त्यांच्या हातचा नसावा असे मला वाटते, आणि त्याचे कारण तो टाचलेला तुकडा. त्वाल पसंत पडल्यानंतरच कापड निवडले जात असल्यामुळे, तुकडा आणि क्रमांक असलेले चित्र हे बहुधा तयार पोशाखाची नोंद म्हणून फॅशनगृहातील चित्रकारांनी नंतर काढलेले असते. नकलांचा सुळसुळाट असल्याने फॅशनगृहे आपल्या नमुन्यांची कायदेशीर नोंदणीही करीत आणि त्यासाठी पोशाखाची पुढची व मागची अशा दोन्ही बाजू दाखवाव्या लागत. त्यामुळे त्या कागदावर पाठीची बाजूही तितक्याच काटेकोरपणे काढलेली असेल, तर माझा तर्क अधिकच पक्का होईल.