पहिल्या वारीसाठी बूट घेताना

दादा, आळंदी ते पंढरपूर म्हणजे सुमारे 250 किलोमीटर, तेही पावसापाण्यात. कोरे बूट घालून निघू नका; महिनाभर आधी घ्या आणि रोज वापरा. खरेदीला संध्याकाळी जा, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. वारीत घालणार तेच मोजे चढवून बघा. अंगठ्यापुढे बोटभर जागा हवी, टाच मात्र आत सरकता कामा नये. वॉटरप्रूफच्या मोहात पडू नका, वरून शिरलेलं पाणी आतच राहतं. जाळीचे बूट लवकर वाळतात. सोबत मागे पट्टा असलेली सँडल ठेवाच. पुणे-सासवड टप्पा लांबलचक, त्यात दिवे घाट. टाच चुरचुरली की तिथेच थांबून चिकटपट्टी लावा, फोड यायची वाट बघू नका.