उन्हाळ्यात गच्चीवरची बाग कमी कष्टात कशी जगवायची, आणि जास्वंदीवरच्या पांढऱ्या किडीचं काय करायचं?

तुमच्या गच्चीवर चाळीसेक कुंड्या आहेत, दोन वेळा पाणी घालून जीव मेटाकुटीला आलाय, मिरचीची पानं आकसलीत आणि जास्वंदीच्या शेंड्यांवर कापसासारखं काहीतरी धरलंय, असं तुम्ही लिहिलंय. मी अकोल्यात राहते. इथे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास रेंगाळतो आणि नवतपा (मेअखेरचे सगळ्यात तापलेले नऊ दिवस) लागला की दुपारी गच्चीवर अनवाणी चार पावलं टाकायची सोय नसते. त्या गच्चीवर माझ्या बावीस कुंड्या तगून आहेत. पूर्वी साठ होत्या. कष्ट कमी करायचा सगळ्यात मोठा उपाय तोच, म्हणून आधीच सांगून टाकते: उन्हाळ्यापुरत्या कुंड्या कमी करा.

टोमॅटो पस्तिशीच्या वर गेला की फुलं गाळतो, त्याला पाणी पाजत बसण्यात अर्थ नाही. कोथिंबीर (आमच्याकडे सांबार) आठ दिवसांत फुलावर जाते. शेवंतीला सावलीत कोपरा द्या आणि विसरा. मोगरा, सदाफुली, चिनी गुलाब, बोगनवेल, कढीपत्ता, गवती चहा, भेंडी, गवार ही मंडळी मात्र ऊन अंगावर घेतात. शिवाय कुंडीत आपोआप उगवलेली घोळ उपटू नका. तिची भाजी करा, ती माती झाकते तो फायदा वेगळाच.

पाण्याचं म्हणाल तर सकाळी एकदाच, पण खालच्या भोकातून निथळेपर्यंत. संध्याकाळी वरवर शिंपडलेलं पाणी मुळांपर्यंत पोचतच नाही. दुपारी पानं माना टाकतात तेव्हा घाबरून बादली घेऊन धावू नका. बऱ्याचदा झाड फक्त उन्हापुरतं मिटून घेतं आणि सूर्य उतरला की सावरतं. सकाळी सहालाही मान खाली असेल, तर मात्र बोट दोन पेरं मातीत घालून बघा. कोरडं लागलं तर तहान. ओलं लागलं आणि तरी झाड मलूल, तर मुळं कुजताहेत.

मुळं खालूनही भाजतात, हे मला फार उशिरा कळलं. स्लॅब रात्री नऊलासुद्धा गरम असतो. प्रत्येक कुंडीखाली दोन विटा ठेवा, काळ्या प्लास्टिकच्या कुंड्या मधोमध आणि मातीच्या कडेला अशा खेटून लावा, वर ५० टक्के सावलीची हिरवी नेट बांधा. मातीवर चार बोटं पालापाचोळा, उसाचं पाचट किंवा नारळाच्या शेंड्या. मोठ्या पिशवीत किंवा ड्रममध्ये झाड असेल तर न रंगवलेलं छोटं मडकं गळ्यापर्यंत पुरा, पाण्यानं भरा, वर झाकणी. मडकं झिरपत राहतं, तुम्ही दोन दिवस लग्नाला जाऊन येऊ शकता.

कूलरच्या टाकीत उरलेलं पाणी मात्र कुंडीत ओतू नका. पाणी उडून जातं, क्षार टाकीत साचत जातात, आणि महिनाभरात कुंडीच्या काठावर पांढरा थर दिसायला लागतो. एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी चालतं, त्यात क्षार जवळपास नसतातच. आणि एप्रिल-मे महिन्यात खत नाही, कुंडी बदलणं नाही. खत घातलं की कोवळे, रसाळ शेंडे फुटतात आणि रसशोषक किडींची पंगत बसते.

आता तुमची जास्वंद. तो कापूस म्हणजे पिठ्या ढेकूण. पण ढेकणांच्या आधी बुंध्याकडे बघा. मुंग्यांची रांग वर चढतेय ना? पिठ्या ढेकूण रस शोषून गोड चिकटा सोडतात, त्यावर मुंग्या जगतात. त्या बदल्यात ढेकणांना खाणारे किडे आले की मुंग्या त्यांना हुसकून लावतात. मुंग्या तशाच राहिल्या तर तुमची फवारणी पाण्यात. माझी आजी दुधाच्या जाळीच्या कपाटाच्या चारी पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवायची, तोच प्रकार इथे. पसरट ताटलीत पाणी, मधे वीट, विटेवर कुंडी. पाणी रोज बदला, नाहीतर मुंग्यांच्या जागी डास पाळाल. फांदी भिंतीला टेकलेली नको, मुंग्यांना तेवढा पूल पुरतो. ताटली जमत नसेल तर खोडाला चिकटपट्टी गुंडाळून तिच्यावर ग्रीस लावा. थेट सालीवर लावू नका.

मग जास्त लडबडलेले शेंडे कापा, पिशवीत घालून गाठ मारा, कचऱ्यात टाका. कंपोस्टच्या डब्यात नाही. उरलेल्या फांद्यांवर पाइपनं जोरात पाणी मारा, बेचक्यांत जुना टूथब्रश फिरवा. संध्याकाळी लिटरभर पाण्यात ५ मिली नीम तेल आणि थेंब-दोन थेंब भांड्यांचा लिक्विड साबण घालून फवारा, पानांच्या खालूनसुद्धा. हे आठवड्याच्या अंतरानं तीनदा करायचं. कापसाच्या पुंजक्यात शेकडो अंडी असतात, ती एका फवारणीत मरत नाहीत. नुकत्या बाहेर पडलेल्या पिल्लांच्या अंगावर मेण नसतं, साबण-तेल लागू पडतं ते त्यांनाच. नीम फवारायचं ते संध्याकाळीच, कारण उन्हात त्याचा गुण उतरतो आणि तेल लागलेलं पान भाजतं. मी एकदा मे महिन्यात सकाळी अकराला फवारलं होतं. दुपारी चारला पानांना तपकिरी कडा.

दुसरी चूक त्याहून वाईट. ढेकणांच्या गर्दीत मला काही मोठे, अंगावर लांब पांढऱ्या झिरमिळ्या असलेले दिसले. वाटलं, हे यांचे म्होरके. चिमट्यानं एकेक उचलून मारले. नंतर कळलं की ती क्रिप्टोलेमस नावाच्या भुंगेऱ्याची पिल्लं होती आणि ती ढेकूणच खात होती. हा भुंगेरा १८९८ साली ऑस्ट्रेलियातून भारतात कॉफीवरच्या खवले किडीसाठी आणला गेला, आणि त्याची पिल्लं अगदी भक्ष्यासारखा वेष करून फिरतात. फरक ओळखायचा असेल तर काडीनं हळूच डिवचा. पिठ्या ढेकूण जागचा हलला तरी रेंगाळत हलतो, हे पिल्लू मात्र तुरुतुरु पळतं. असं एक जरी दिसलं तरी फवारणी थांबवा.

मिरचीसाठी पानं नीट बघा. कडा वर वळून होडीसारख्या झाल्या असतील तर फुलकिडे, खाली वळल्या असतील तर कोळी (डोळ्यांना जेमतेम दिसणारी रसशोषक कीड). पांढरा कागद खाली धरून फांदी झटका, हलणारे बारीक ठिपके पडले की फुलकिड्यांची खात्री झाली. वांग्यावर किंवा गुलाबावर येणाऱ्या लाल कोळ्याला कोरडी हवा लागते, म्हणून रोज सकाळी पानांच्या खालच्या बाजूला पाण्याचा फवारा मारला की निम्मं काम होतं. फुलकिड्यांना निळे चिकट सापळे लावा. पिवळे सापळे पांढऱ्या माशीसाठी.

शेतातली जहाल औषधं गच्चीवर आणायचा विचार असेल तर सोडा. २०१७ साली आमच्याच विदर्भातल्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजूर दगावले, तेही मोकळ्या शिवारात. गच्चीवर तर शेजारी पापड वाळत असतात.

जास्वंदीची मोठी छाटणी आता करू नका, उघडी पडलेली खोडं भाजतील. पहिला चांगला पाऊस झाला की निम्म्यावर आणा, तेव्हाच कुंडीही बदला. त्याच सुमारास कडुनिंबाखाली निंबोळ्यांचा सडा पडतो. दोन पिशव्या गोळा करून सावलीत वाळवून ठेवा. पुढच्या उन्हाळ्यात ५० ग्रॅम कुटून फडक्यात बांधायच्या, रात्रभर लिटरभर पाण्यात भिजवायच्या, सकाळी फडकं पिळून गाळून घ्यायचं आणि ऊन उतरलं की फवारायचं. गाळताना दुहेरी फडकं घ्या, नाहीतर पंपाचं नोझल तुंबतं.