बेटांच्या देशाला आरओ प्लांट द्यायचा म्हणजे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगावचे काही कारखानदार मिळून प्रशांत महासागरातल्या तुवालूसारख्या छोट्या देशाला समुद्राचं पाणी गोडं करणारा प्लांट देणार, दिवसाला दहा हजार लिटरचा. शिवाय तिथली दोन माणसं इकडे आणून शिकवणार. तर प्रस्ताव कसा लिहायचा?

पहिली गोष्ट, मागणी तिकडून यावी लागते. सरकारी पैसा हवा असेल तर तिथल्या सरकारचं पत्र लागतंच. १९६४ पासून चालू असलेल्या आयटेक, म्हणजे भारत सरकार परदेशी लोकांना देतं त्या तांत्रिक प्रशिक्षणाला नावं तिथलं सरकार पाठवतं. २०१७ च्या भारत-संयुक्त राष्ट्र विकास भागीदारी निधीतली कामंही त्या देशाच्या मागणीवर ठरतात. आपण यंत्र ठरवून मग गिऱ्हाईक शोधायला निघालो, तर फाईल तिथंच अडकते. आणि पत्र लिहिताना भान ठेवा, देशाची लोकसंख्या अकरा हजारांच्या आसपास आहे. पाणी बघणारा अधिकारी बहुधा आणखी चार खाती बघतो आणि प्रत्येक देणगीदाराला वेगळा अहवाल लिहून देतो. तुमचा नवा फॉर्म त्याच्या डोक्यावर घालू नका. दुसऱ्या कुणाला तो जो अहवाल देतो, त्याचीच प्रत मागा.

आता पाण्याचं. तुवालूची राजधानी फुनाफुतीला वर्षाला ३००० मिमीच्या वर पाऊस पडतो. १ चौ.मी. छपरावर १ मिमी पाऊस म्हणजे १ लिटर. १०० चौ.मी. पत्र्यावरून, वीस टक्के वाया गेलं तरी, वर्षाला दोन लाख चाळीस हजार लिटर. सहा माणसांना दिवसाला २४० लिटर धरलं तर वर्षाची गरज नव्वद हजारही होत नाही. म्हणजे तुटवडा पावसाचा कमी आणि टाकी, पन्हाळीचा जास्त. साठ दिवस कोरडे गेले तर १४,४०० लिटर साठा पाहिजे. घरामागे पंधरा हजारांची टाकी, शाबूत पन्हाळी आणि पहिल्या सरीचं घाण पाणी बाजूला काढायची सोय (१०० चौ.मी.ला निदान ५०-१०० लिटर) एवढं झालं की निम्मा प्रश्न सुटला. पण पन्हाळीवर कोनशिला लावता येत नाही, म्हणून ती कुणाच्या प्रस्तावात येत नाही.

बोअर मारायचा विचार तर मनात आणू नका. प्रवाळ बेटाच्या पोटात गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. समुद्रसपाटीच्या वर त्याची पातळी एक मीटर असेल तर खाली साधारण चाळीस मीटर जाडी असते, निदान हिशेबात. बोअरनं जोरात उपसलं की खालचं खारं पाणी तिथंच वर चढतं, आणि ते गोडं व्हायला पुढं बराच काळ जातो. उपसा करायचाच तर उथळ, आडवे, भोकं पाडलेले पाइप पुरून, हळूहळू.

मग आरओ कशाला? २०११ सारख्या सालासाठी. तेव्हा पाऊस इतका लांबला की आणीबाणी जाहीर करावी लागली आणि न्यूझीलंड, ऑस्ट्रेलियानं प्लांट विमानानं पोचवले. खरी गोम इथं आहे. आणीबाणीचं यंत्र एरवी बंद पडून असतं, आणि बंद आरओ लवकर मरतो. मेम्ब्रेनमध्ये, म्हणजे मीठ अडवणाऱ्या पडद्यात, खारं पाणी तसंच राहिलं की त्यावर शेवाळासारखा थर चढतो. बंद करताना गोड्या पाण्यानं धुवायचं, आणि महिनाभर चालवणार नसाल तर मेम्ब्रेन १ टक्का सोडियम मेटाबायसल्फाइटच्या द्रावणात ठेवून ते दर महिन्याला बदलायचं. गुऱ्हाळात गूळ उजळ करायला वापरतात त्या हायड्रॉसशी त्याची गल्लत करू नका, ते वेगळं. हे काम कोण करणार, त्याचं नाव प्रस्तावात हवं. त्यापेक्षा आठवड्याला दोन दिवस चालवून दवाखान्याला पाणी दिलं तर जास्त बरं.

सांगायला तेवढंच महत्त्वाचं, धातू. बीडाचा पंप खाऱ्या पाण्यात दिसायला धड राहतो, पण लोखंड झिजून नुसता ग्राफाइटचा सांगाडा उरतो. एसजी आयर्नलाही (जास्त चिवट बीड) खारं पाणी सोडत नाही. ३०४ नंबरचं स्टेनलेस स्टील विसरा. उच्च दाबाच्या बाजूला, जिथं ५५-६५ बार असतात, ३१६ सुद्धा फटीफटीत खड्डे पडून जातं. तिथं ड्युप्लेक्स नाहीतर सुपर ड्युप्लेक्सच, म्हणजे खाऱ्या पाण्याला जास्त टिकणारं स्टेनलेस. फाउंड्रीवाल्यांना हे सांगायला नको, पण कोटेशन देताना हात आखडतो, म्हणून लिहिलं.

वीज: ऊर्जा परत घेणारं उपकरण असेल तर हजार लिटरला ३ ते ५ युनिट, नसेल तर दुप्पट किंवा जास्त. डिझेलवर वीज करणाऱ्या देशात हाच खर्च मारतो. तुवालूला आपल्यासारखीच ५० हर्ट्झच्या विजेची मोटार चालेल. पण हाच प्लांट उद्या पलाऊ किंवा मार्शल बेटांना दिलात तर तिथं ६० हर्ट्झ आहे. मोटार २० टक्के जोरात फिरते आणि सेंट्रिफ्युगल पंपाचा भार १.२ च्या घनानं वाढतो, म्हणजे सुमारे पावणेदोन पट. मोटार जळते आणि दोष आपल्या मालाला जातो.

माणसं दोन नाही, निदान पाच शिकवा. ऑस्ट्रेलियाशी २०२४ मध्ये लागू झालेल्या करारानुसार दरवर्षी २८० तुवालूवासीयांना ऑस्ट्रेलियात राहायला जाता येतं, आणि हातात कसब असलेला जाणारच. शिकवणीही तिथंच, त्याच यंत्रावर, उघडून परत जोडून घ्या. आपल्याकडच्या पाणीपुरवठा संस्थेत मोटार चालवणाऱ्याचा पगार आणि सभासदांची पट्टी आधी ठरते, तसं तिथं पाण्याचा दर, ऑपरेटरचा पगार आणि डिझेल कुठल्या खात्यातून, हे तिथल्या अर्थखात्याकडून लिहून घ्या. त्या देशाचा १९८७ पासूनचा ट्रस्ट फंड आहे, पण तो तुमच्या प्लांटसाठी वाट बघत बसलेला नाही. माझं मत, एकूण रकमेतला निम्मा भागच यंत्राला ठेवा. उरलेल्यात पाच वर्षांचे ५ मायक्रॉन फिल्टर, सील, ओ-रिंग, बेअरिंग, मेम्ब्रेनचा एक जादा संच आणि तीन वर्षं ऑपरेटरचा पगार.

बाहेरच्या बेटांवर क्रेन नाही. जहाजातून होडीत, होडीतून खडकावर, तिथून खांद्यावर. एकेक नग चार माणसं उचलतील एवढाच करा. अखंड स्किड, म्हणजे एकाच सांगाड्यावर जोडलेला सगळा प्लांट, कारखान्यात कितीही देखणा दिसला तरी नको. लाकडी खोकी आयएसपीएम-१५ (लाकडी पॅकिंगमधून कीड जाऊ नये म्हणूनचा आंतरराष्ट्रीय नियम) च्या शिक्क्याची, म्हणजे गाभ्यापर्यंत ५६ अंशाला तीस मिनिटं तापवलेली. शिक्का नसेल तर वाटेतल्या बंदरात कीडनियंत्रणवाले माल अडवतात, आणि पुढचं जहाज कधी ते कुणी सांगत नाही.